वासूअण्णांचं नाक

"वास घ्या!"

सकाळचे सव्वासहा. दाराबाहेर वासूअण्णा, दारात डोळे चोळत मी, आणि माझ्या नाकाखाली पेला. तुमच्या सोसायटीतही हे गृहस्थ असतीलच. मजला तेवढा वेगळा.

पाणी दुधासारखं पांढरं होतं. "हे सगळं क्लोरीन!" असं म्हणून अण्णांनी भाषण सुरू केलं. ते मध्यावर येईतो पेला तळापासून वर नितळत गेला. नळाच्या दाबानं पाण्यात कोंडलेली हवा ती, बुडबुडे होऊन निघून गेली. मी तसं म्हणालोसुद्धा. अण्णांनी एकदा पेल्यात पाहिलं, एकदा माझ्याकडे. "उडालं. म्हणजे आता तुमच्या घरात शिरलं," असं बजावून ते चौथ्या मजल्याकडे निघाले.

मूळ नाव वासुदेव, पण सोसायटीतली पोरं 'वासू'ची व्युत्पत्ती वेगळी सांगतात. लग्नाच्या पंगतीत अण्णा आधी मठ्ठ्याचा वास घेतात, मग आहेर देतात. क्लोरीननं टक्कल पडतं हा त्यांचा मुख्य सिद्धांत. (त्यांच्या वडिलांचा आणि दोन काकांचा फोटो हॉलमध्ये आहे. तिघांचा जन्म गावच्या विहिरीवर गेला, आणि तिघांची डोकी आरशासारखी.) डाळ शिजत नाही तीही क्लोरीनमुळेच, बोअरच्या जड पाण्याचा त्यात काही दोष नाही. उलट टँकर आला की अण्णा ओंजळभर पाणी नाकाशी नेऊन डोळे मिटतात. "नैसर्गिक!"

"1915 साली महायुद्धात याच वायूनं माणसं मारली," ते एकदा म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, मिठातही क्लोरीनच आहे, सोडियमशी संसार थाटलेलं." त्यांनी मिठाची बरणी उघडून वास घेतला आणि मीठ निर्दोष सोडलं.

भारतीय मानकाप्रमाणे नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा आहे 5. वाटेत एखादी नळी फुटली, टाकीत घाण गेली, तर ही शिल्लकच राखण करते. अण्णांच्या फिल्टरमधला कार्बन नेमकी तीच काढून टाकतो. मग ते पाणी अण्णा दोन दिवस उघड्या घागरीत ठेवतात. रखवालदाराला रजा आणि दार सताड उघडं! दर रविवारी सिंहगडावर देवटाक्याचं पाणी मात्र दोन्ही हातांनी पितात. तिथं वास घेत नाहीत. श्रद्धेला नाक नसतं.

मग 2025चा जानेवारी आला. आमच्या सिंहगड रस्त्यावर जीबीएसची, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोमची, साथ पसरली. चालत्याबोलत्या माणसांचे हातपाय लुळे पडू लागले, काही जण व्हेंटिलेटरवर गेले, आणि सगळ्यांची बोटं दूषित पाण्याकडे वळली. अशाच एका पहाटे बेल वाजली.

"वास घ्या."

मी घेतला. "येत नाहीये, अण्णा."

"तेच सांगतोय. काल येत होता."

त्यांचा आवाज बारीक झाला होता. भाषण नाही, काही नाही. स्वतः खाली जाऊन त्यांनी पंप बंद केला, बारा बिऱ्हाडांच्या बेला वाजवून कुणालाही पाणी पिऊ दिलं नाही. क्लोरोस्कोप घेऊन एक कर्मचारी आला. नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पिवळं झालं असतं. पाणी होतं तसंच राहिलं. आदल्या रात्री टाकीत टँकर रिकामा केला होता. नैसर्गिक.

नाकावर असा भरवसा ठेवू नये, इतकं थोडं क्लोरीन कित्येकांना जाणवतही नाही. पण त्या दिवशी आमच्या बारा बिऱ्हाडांत दुसरं काही उपकरण नव्हतं, हे मला कबूल करावं लागतं. अजून थोडं जड जातं.

आता अण्णांनी स्वतःचा क्लोरोस्कोप आणलाय. सव्वासहाला जिन्यातल्या खिडकीपाशी उभे राहून ते पिवळी नळी उजेडात धरतात, "0.5. प्या!" असं ओरडतात आणि वहीत नोंद करतात. वहीत रकाने तीन: तारीख, क्लोरीन, कंगव्यातले केस. तिसऱ्या रकान्यात गेले तीन महिने शून्य आहे आणि अण्णा त्याला सुधारणा म्हणतात. गळायला आता काही उरलेलंच नाही, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही येता का? सव्वासहाला या.