ती चाल कोणाची?

अहो, ऐकलंत का? जरा कंपाउंडपाशी या बाई, मोठ्यानं बोलायची सोय नाही. परवा वरच्या काकूंकडे काय झालं कळलं ना? नाही? अगोबाई, मग बसाच त्या स्टुलावर.

डोंबिवलीच्या विहीणबाई आल्या होत्या. रविवारची स्लो लोकल पकडून, डब्यात गुळाच्या पोळ्या घेऊन. त्या पोळ्यांना तूप कमीच होतं म्हणा... पण ते जाऊ दे. तर काय सांगत होते, जेवणं झाली, सुपारी कातरणं चाललं होतं आणि सूनबाईनं मोबाइलवर ‘जय शंकरा’ लावलं. झालं! विहीणबाईंनी डोळे मिटले, मान डोलवली आणि म्हणाल्या, ‘‘काय चाल बांधलीय हो अभिषेकीबुवांनी!’’

अहो, काकूंचा अडकित्ता जागच्या जागी थांबला. काकूंसमोर, तेही नौपाड्यात बसून, ‘मंदारमाले’चं पद दुसऱ्याच्या नावावर! काकू आधी हसल्या. ते हसणं तुम्हाला माहितीय, दुधाच्या बिलात चूक सापडली की हसतात ना, तसं. म्हणाल्या, ‘‘विहीणबाई, ती आमच्या रामभाऊंची चाल. आमच्या ठाण्याच्या.’’

विहीणबाईंचा चेहरा असा पडला... पण कबूल करतील तर डोंबिवलीकर कसल्या! ‘‘राम मराठे गायलेत, ते ठाऊक आहे मला. चालीचं बोलतेय मी.’’

मग काय, काकूंची गाडी सुटली ती फास्ट. १९६३ सालचं नाटक, विद्याधर गोखल्यांचं. चाली रामभाऊंच्या आणि स्टेजवर उभं राहून गायचे तेही रामभाऊच. प्रसाद सावकारांबरोबरची ती जुगलबंदी आठवा, म्हणाल्या, वन्समोअरला कंटाळत नव्हते लोक. संगीत नाटक संपलं, संपलं म्हणून सगळे गळे काढत होते तेव्हाची ही गोष्ट. आणि लहानपणी? ‘प्रभात’च्या ‘गोपाळकृष्ण’मधला कृष्ण कोण? हेच! ‘माणूस’मधला चहावाला पोऱ्या? तोही हाच! काकू अशा सांगत होत्या, जणू यांनीच कडेवर घेऊन फिरवलं होतं. खरं तर ते चित्रपट आले १९३८-३९ला, तेव्हा काकूंचा जन्मसुद्धा... असो, वयाचं नको काढायला.

सूनबाई बिचारी मधल्या मध्ये. पण हुशार हो पोरगी! पेटी काढली आणि म्हणाली, ‘‘वाद नको, ऐका.’’ अहिरभैरव वाजवून दाखवला तिनं. खाली कोमल रिषभ, तो भैरवाचा. वर गेलं की शुद्ध धैवत आणि कोमल निषाद, तो काफीचा. इतका भारदस्त राग, पण रामभाऊंनी तो तसाच्या तसा नाटकात आणून बसवला, म्हणाली. पाणी घालून पातळ केला नाही. ताना, लयकारी, सगळी मैफलच. अभिषेकीबुवांची तऱ्हा वेगळी. १९६४ला ‘मत्स्यगंधा’ आलं त्यात त्यांनी पदं आटोपशीर केली, तासभर आळवणं बंद. म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत दोन टोकं! १९६७ला पुन्हा तेच. रामभाऊंचं ‘मेघमल्हार’, अभिषेकीबुवांचं ‘कट्यार काळजात घुसली’.

‘‘आणि आई,’’ म्हणाली, आता कुठल्या आईला म्हणाली देव जाणे, ‘‘दोघेही जगन्नाथबुवा पुरोहितांचे शिष्य. जोगकंस राग ज्यांनी दिला ना, ते. गुरुबंधू होते दोघं.’’

विहीणबाई चटकन म्हणाल्या, ‘‘म्हणजे घरातल्या घरातच हो! मी काही फार चुकले नाही!’’ काकूंनी नुसतं ‘हं’ केलं आणि गुळाच्या पोळ्यांचा डबा विसळायला उचलला. जिंकल्याचं समाधान कसं असतं माहितीय ना, नळ जरा जास्तच जोरात सोडला.

मला वाटलं, मिटलं. कसलं मिटतंय! जिन्यापर्यंत पोचवायला गेल्या. तिथं काकू सहज बोलून गेल्या, ‘‘या हो आता महोत्सवाला. रामभाऊंच्या नावानं महापालिका संगीत महोत्सव भरवते आमच्या ठाण्यात.’’ त्या ‘आमच्या’वर असा जोर, की विहीणबाई चप्पल घालता घालता थबकल्या. म्हणाल्या, ‘‘येईन की. पण मला सांगा, जगन्नाथबुवांच्या आधी रामभाऊ शिकले कोणाकडे?’’

‘‘मास्तर कृष्णरावांकडे,’’ काकू ऐटीत.

‘‘आणि मास्तर कोणाकडे?’’

काकू गप्प. कारण उत्तर येत होतं ना! भास्करबुवा बखले. ज्यांनी १९१६ला ‘स्वयंवरा’साठी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बांधून दिली, आणि बालगंधर्वांनी ती घराघरांत पोचवली, ते. सगळ्याचं मूळच!

‘‘देवगंधर्व म्हणतात त्यांना,’’ विहीणबाई दुसरी चप्पल सावकाश चढवत म्हणाल्या. ‘‘आणि देवगंधर्व महोत्सव कोण भरवतं? कल्याण गायन समाज. आमच्या कल्याणात!’’

अहो, आमच्या म्हणे! एरवी ह्या बाई कल्याणचं नाव निघालं की नाक मुरडतात, पत्रीपुलापलीकडे भाजीलासुद्धा जात नाहीत. पण त्या दिवशी कल्याण एकदम माहेर झालं! काकूंचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. तो गुळाच्या पोळ्यांचा डबा आहे ना, अजून त्यांच्याकडेच पडलाय. रिकामा परत द्यायचा नाही म्हणून नव्हे हो... द्यायला गेल्या तर पुढचा प्रश्न काय येईल, ह्याची धास्ती!