सॅकतपासनीस

डोंगरात जाणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक लीडर असतो, एक गाणी म्हणणारा असतो, एक गडाचा इतिहास सांगणारा असतो (आणि त्याला आवरणारे तीन-चार जण असतात). शिवाय एक सॅकतपासनीस असतो. बाकीच्यांचं काम डोंगर लागला की सुरू होतं, सॅकतपासनिसाचं तेव्हा जवळजवळ संपलेलं असतं. त्याच्या मते ट्रेक म्हणजे नीट भरलेल्या सॅका एका गावातून उचलून दुसऱ्या गावात उतरवणं. मध्ये गड लागतात, ते लागतात.

वय पंचेचाळीस ते पन्नास. नोकरी बँकेत, वीज कंपनीत, किंवा जिथे काउंटरपलीकडच्या माणसाला ‘कागद अपुरे आहेत’ म्हणून परत पाठवता येतं अशा कुठल्याही ठिकाणी. पोरांच्या बापापेक्षा वयाने मोठा असला तरी सगळे त्याला ‘दादा’च म्हणतात, डोंगरात काका चालत नाही. तरुणपणी कधीतरी तो उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांचा बेसिक कोर्स करून आलेला असतो आणि ते २८ दिवस त्याला जन्मभर पुरतात. स्वतःचं लग्न, मुलाची मुंज, फ्लॅटचा ताबा हे सगळं तो ‘बेसिकच्या आधी’ आणि ‘बेसिकच्या नंतर’ अशा दोन कप्प्यांत ठेवतो.

माणसं त्याला चेहऱ्याने आठवत नाहीत. “उंच होता, चष्मा होता, बासरी छान वाजवायचा,” असं कितीही सांगा, तो शून्यात बघतो. पण “अहो दादा, ज्याच्या सॅकमधून इस्त्रीचे चार शर्ट निघाले होते तो,” म्हटलं की लगेच, “हां, तो! पाचनईवरून हरिश्चंद्रगड केला तेव्हाचा. दोन शर्ट हँगरसकट होते.” त्याच्या मेव्हण्याचं लग्न जुळत होतं. मुलगी आदल्या वर्षी ग्रुपबरोबर कळसूबाईला येऊन गेलेली. घरच्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? “कमरपट्टा नीट बांधते,” एवढंच म्हणाला. सासूबाईंना काहीच बोध झाला नाही, पण सुरात नकार नव्हता म्हणून पुढे बोलणी झाली.

डिसेंबरच्या सुट्टीत ग्रुपची राजगड-तोरणा मोहीम असते, आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी. आधीच्या रविवारी मीटिंग. लीडर दहा मिनिटांत वाट सांगून मोकळा होतो: गुंजवण्यातून चोरदरवाजाने राजगड, पद्मावती माचीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडून धारेधारेने तोरण्याची बुधला माची, तोरण्यावर मुक्काम, तिसऱ्या दिवशी वेल्ह्यात खाली. उरलेला दीड तास सॅकतपासनिसाचा.

तो आधी नववीतला एक बारकासा मुलगा उभा करतो.

“वजन किती तुझं?”

“पंचेचाळीस.”

“वजनाच्या एक पंचमांश पाठीवर. किती झाले?”

“नऊ किलो.”

“शाब्बास. रिकामी सॅक दीड किलो. स्लीपिंग बॅग दीड किलो. कॅरीमॅट तीनशे ग्रॅम. वाटेत पाण्याची खात्री नाही, म्हणून पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. सामायिक शिधा एक किलो. उरले किती?”

पोरगा बोटं मोजतो. “एक किलो सातशे ग्रॅम.”

“बस. त्यात तुझा संसार.”

हॉलमध्ये शांतता पसरते. मागच्या बाकावर बसलेल्या आया एकमेकींकडे बघतात, कारण त्यातल्या एकीने नुसता चिवडाच दोन किलो केलेला असतो.

मग प्रात्यक्षिक. स्लीपिंग बॅग तळाला. शिध्यासारखं जड सामान मध्यावर आणि पाठीला अगदी चिकटून. कपडे बाहेरच्या अंगाला. टॉर्च, विंडचीटर, औषधं वर, हाताशी. सॅकच्या आत आधी कचऱ्याची मोठी काळी पिशवी, कारण रेनकव्हर बाहेरून झाकतं पण पाणी पाठीकडून उतरतं. “दादा, डिसेंबरात पाऊस?” “अवकाळी,” तो एकाच शब्दात सांगतो, आणि हा शब्द ऐकून महाराष्ट्रात कुणाची पुढे बोलायची टाप नसते. बटाट्यांची पिशवी मुद्दाम बाहेरच्या खिशात कोंबलेली एक सॅक त्याने आधीच तयार ठेवलेली असते. ती तो एका धडधाकट अकरावीवाल्याच्या पाठीवर चढवतो. अकरावीवाला सावकाश मागे झुकत खुर्चीवर बसतो. “बघा,” सॅकतपासनीस म्हणतो, “तोरणा करायला निघाला होता. वजन कमरेवर घ्यायचं. खांदे फक्त सॅक मागे पडू नये म्हणून दिलेत.”

कोणी दिलेत, ते तो सांगत नाही.

जीन्स या विषयाला एकट्याला पंधरा मिनिटं. “भिजली की वाळत नाही, जड होते, गुडघ्यात अडते,” इथून सुरू होऊन हे भाषण तरुण पिढीच्या अधःपतनापर्यंत जातं. टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवा, नाहीतर सॅकमध्ये ती आपोआप पेटते आणि गडावर पोहोचेस्तोवर विझलेली असते, हेही तेव्हाच कळतं. दरवर्षी कुणीतरी तो प्रश्न विचारतोच: “दादा, मावळ्यांकडे कुठे स्लीपिंग बॅग होती?” सॅकतपासनीस या चेंडूची वाटच बघत असतो. “नव्हती. पॉवरबँकही नव्हती. दोन्ही ठेव घरी.” प्रश्नकर्ता स्लीपिंग बॅगेच्या बाजूने होतो.

एकदा मात्र त्याला हरताना पाहिलं. कुणाचे तरी आजोबा नातवाला सोडायला आले होते. म्हणाले, “आम्ही या वाटेने गेलो तेव्हा एक घोंगडी, सातूचं पीठ आणि गुळाचा खडा. झालं सामान.” पोरं हसली. सॅकतपासनीस हसला नाही. आजोबांजवळ जाऊन, आवाज खाली आणून त्याने विचारलं, “सगळं मिळून किती भरलं असेल हो? तीन किलो?” त्याच्या डोळ्यांत निखळ असूया होती.

खरी परीक्षा निघायच्या आदल्या रात्री, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. पिलरला भंगारवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा टांगलेला. एकेकाने यायचं, सॅक काट्याला लावायची, आकडा मोठ्याने वाचायचा आणि जास्त भरला तर सगळं सतरंजीवर ओतायचं. दोन ढीग होतात: ‘जाईल’ आणि ‘राहील’. तिसरा ढीगही असतो, ‘हे काय आहे?’ त्यात मी पाहिलेल्या वस्तू: केस वाळवायचं यंत्र, कॅरम बोर्डाच्या सोंगट्या (बोर्ड दुसऱ्या मित्राच्या सॅकमध्ये होता), उशी, उशीचा जादा अभ्रा, आणि काचेच्या बरणीतलं लिंबाचं लोणचं. बारावीतल्या एका मुलीने भौतिकशास्त्राचं जाडजूड गाईड आणलं होतं. आईची अटच होती. आता हा आईबद्दल काहीतरी बोलणार असं वाटलं. पण त्याने गाईड काट्याला लावलं, आकडा पाहिला आणि विचारलं, “प्रकरण कुठलं करणार आहेस?” “दोलने.” “मग दोलनांची झेरॉक्स काढून आण, पाठपोट.” ती बिचारी रात्री साडेनऊला शटर ओढणाऱ्या दुकानदाराच्या विनवण्या करून आली. कागद चाळीस ग्रॅम भरले. त्यावर तो खूष. दोलनं कुणी वाचली नाहीत, पण पद्मावती माचीवर चूल पेटवायला पाठपोट कागद बरा पडतो.

इथपर्यंत सॅकतपासनिसाचं राज्य निर्वेध चालतं. मग फोन यायला लागतात.

“अहो दादा, स्वेटर काढायला लावलात म्हणे?”

“एक ठेवलाय ताई. तीन होते.”

“एक अंगात, एक भिजला तर, आणि एक तसाच.”

‘तसाच’ या खात्यावर त्याच्याकडे उत्तर नसतं. काटा वजन सांगतो. ‘तसाच’ला वजन नसतं.

“आणि लाडूही काढलेत!”

“लाडू नाही हो ताई, डबा काढला. स्टीलचा होता, झाकणाला कडी असलेला. लाडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले.”

“म्हणजे फुटणार.”

“फुटले तरी तेवढेच भरतात.”

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज. डोंगर, थंडी, बिबट्या, कशालाही न भिणारा हा माणूस त्या रात्री फोन बंद करून ठेवतो. अर्थात आयाही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नसतात. काट्यावरून पास झालेली सॅक रात्री घरीच मुक्कामाला असते, हे त्याच्या व्यवस्थेतलं भगदाड त्यांना बरोब्बर ठाऊक असतं. सकाळी बसमध्ये चढताना प्रत्येक सॅक आदल्या रात्रीपेक्षा थोडी गुटगुटीत दिसते आणि माकडटोप्या तर सरळ डोक्यावरून नेल्या जातात, कारण अंगावरचं वजन मोजायचा नियम त्याने अजून केलेला नाही.

डोंगरात तो शेवटी चालतो. त्याला समोरचा गड दिसत नाही, समोरच्या पाठी दिसतात. चोरदरवाजाच्या खालच्या खड्या चढावर बाकीचे कठड्याला धरून देवाचं नाव घेत असतात, तेव्हा हा मागून, “लाल सॅक! डावा पट्टा सैल आहे,” म्हणून ओरडतो. कुणाच्या सॅकला बाहेर मग लटकत असेल तर त्याची किणकिण त्याला सहन होत नाही. “सॅक बोलता कामा नये,” असा त्याचा दंडक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी संजीवनी माचीवर ऊन नुकतं पडलं होतं, दुहेरी तटबंदीची ती लांबलचक वळणं समोर होती, पश्चिमेला तोरणा उभा. पोरंसुद्धा गप्प झाली. हा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “लांब आहे. पाणी भरून घ्या.”

आदल्या दिवशी मात्र एक प्रसंग घडला होता. पद्मावती माचीवर खालच्या गावातली एक मावशी ताक विकायला आली. डोक्यावर भरलेला हंडा, त्यावर भाकऱ्यांचं गाठोडं, पायात स्लीपर, आणि श्वास आमच्यापेक्षा बरा. पोरांना आयतंच कोलीत मिळालं. “दादा, मावशींना कमरपट्टा द्या की!” मला वाटलं, आता हा ओशाळणार. तो उठला, हंड्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, “मावशी, चुंबळ दाखवाल?” मावशींनी लुगड्याच्या चिंधीची चुंबळ काढून दिली. ती त्याने हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली, त्यावर पाच लिटरचं पातेलं ठेवलं आणि माचीवर दहा पावलं चालून आला. “वजन थेट कण्यावरून खाली! सॅकवाले जे पट्टे लावून साधायला बघतात ते हेच!” मावशी म्हणाल्या, “पट्टा कशाला? मान हाय की.” पुढचा अर्धा तास ताक कुणाला मिळालं नाही, कारण चुंबळ त्याच्याकडे होती आणि मावशी त्याला मान कशी धरायची ते शिकवत होत्या.

त्याची स्वतःची सॅक कुणी काट्याला लावलेली पाहिली नव्हती. ती पार्किंगमध्ये नेहमी पलीकडे, गाडीआड उभी असे. तोरण्यावर रात्री तो झोपल्यावर दोन पोरांनी ती काट्याला अडकवली. (काटा तो बरोबर घेऊन येतो.) आकडा आला एकोणीस किलो, तोही पाणी संपत आल्यावर. पोरांनी टॉर्चच्या उजेडात आत पाहिलं. टॉर्चचे सुटे सेल, सुतळीचं बंडल, बुटांच्या नाड्या, क्रेप बँडेज, सेफ्टी पिना, सुई-दोरा, जादा ताटल्या. मोज्यांचे बरेच जोड, वेगवेगळ्या मापांचे. आणि तीन स्वेटर, त्यातला एकही त्याला होण्यासारखा नाही. दुपारी धारेवर एकाच्या बुटाचा सोल निघाला होता. बापाचे माळ्यावर ठेवलेले जुने बूट, त्यांचा गोंद सुकलेला. सॅकतपासनिसाने सुतळी काढून तो असा बांधून दिला होता की पोरगा बुधल्याची शिडी चढून वर आला. सुतळी आली कुठून, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

सकाळी पोरांनी त्याला एकोणीसचा आकडा ऐकवला. तो स्लीपिंग बॅग गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “लीडरांचं वजन वेगळं धरतात.”

“पण तुम्ही लीडर कुठे आहात?”

“म्हणूनच कमी आहे.”

परत आल्यावर सॅक रिकामी करून रोज लागलेलं, एकदा लागलेलं आणि अजिबात न लागलेलं असे तीन ढीग करायचे आणि पुढच्या वर्षी तिसरा ढीग घरी ठेवायचा, असा त्याचा नियम आहे. औषधाची पेटी तेवढी तिसऱ्या ढिगात गेली तरी येणार. पोरं हे ढीग करतात असं कुणी पाहिलेलं नाही. आयांनी सॅक सरळ कपडे धुवायच्या यंत्रात पालथी केलेली असते आणि संध्याकाळपर्यंत हिशेबाचे फोन सुरू होतात.

“दादा, मोजे चार जोड दिले होते. साडेतीन आलेत.”

सॅकतपासनीस वही काढतो. वहीत सगळं असतं.

“ताई, पार्किंगमध्ये मी तीन जोड पास केले होते. चौथा तुम्ही रात्री भरलात.”

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.

“बरं, असू दे. पण मग तो एक गेला कुठे?”

“खिचडीचं पातेलं उतरवायला सांडशी विसरली होती. तो मोजा सांडशी म्हणून वापरला. आता ग्रुपच्या भांड्यांत जमा आहे. पावती पाठवू का?”

“धुतलात तरी का?”

सॅकतपासनीस वहीचं पान उलटतो आणि रेंज गेल्यासारखं, “हॅलो? हॅलो?” म्हणायला लागतो.