शिष्यवृत्तीला बसतं ते अख्खं घर

बारावीच्या परीक्षेला पोरगी एकटी बसते. शिष्यवृत्तीला मात्र अख्खं घर बसतं, आणि त्यात वारलेल्या पणजोबांनाही गैरहजर राहायची मुभा नसते. जव्हार-मोखाड्याकडच्या वांगणीतून (मुंबईकराला वांगणी म्हटलं की बदलापूरनंतरचं स्टेशन आठवतं; ही ती नव्हे, इथे लोकल येत नाही) एखादी आदिवासी मुलगी बारावी होते, नाशकाला किंवा ठाण्याला फार्मसीला तिचा नंबर लागतो आणि घर कामाला लागतं. सरकारकडे योजना नाहीत असं कोणी म्हणू नये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर २०१६ पासून स्वयंम योजना आहे, तिच्यात मोठ्या शहरांत राहण्याजेवणासाठी वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत रक्कम थेट खात्यात येते. म्हणजे रडगाणं पैशांचं नाही. माझं म्हणणं एवढंच की हा अर्ज बारावीनंतर भरायचा असतो, ही समजूत साफ चुकीची आहे. त्याची तयारी मुलीचं नाव शाळेत घातलं त्या दिवसापासून करावी लागते, आणि ती नुसती माहिती देऊन होत नाही. कोणीतरी शेजारी बसून करून घ्यावी लागते.

पुरावा म्हणून कुठल्याही पाड्यावरची कागदांची पिशवी घ्या. ती बहुधा एखाद्या साडीच्या दुकानाची असते आणि कुडाच्या भिंतीला उंच टांगलेली असते, उंदीर आणि पाऊस दोघांच्याही हाताबाहेर. आत बापाचं आधार कार्ड: लक्ष्मण. शिधापत्रिकेवर तोच लखमा. वनहक्काच्या पट्ट्यावर लक्ष्या. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मन, कारण त्या दिवशी गुरुजींना घाई होती. घरात माणूस एकच, जेवायला ताटही एकच, पण सरकारदरबारी चौघेजण. जन्मतारखांचं तर विचारूच नका. जे शाळेत गेले ते सगळे गुरुजींच्या कृपेने १ जूनला जन्मले, आणि ज्यांची तारीख कोणालाच ठाऊक नव्हती ते आधारच्या यंत्राच्या कृपेने १ जानेवारीला. वर्षाचे उरलेले दिवस या मुलखात कोणी जन्माला येतच नसावं. यातलं काहीही खोटं नाही. ज्याने लिहिलं त्याने आपापल्या परीने खरंच लिहिलं. फक्त एकमेकांना विचारून लिहिलं नाही.

आता जातीचा दाखला. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत दहांतले नऊजण आदिवासी. इथे खरं तर जो आदिवासी नाही त्यानेच तसा दाखला खिशात ठेवावा. पण कायद्याची चाल उलटी आहे. अनुसूचित जमातींबद्दलचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा, म्हणून त्याआधीचा वाडवडिलांचा कागद हवा. पणजोबा शाळेत गेले असते तर प्रवेश-निर्गम उतारा मिळाला असता. ते ढोरांमागे गेले. मग उरतं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंद, आणि ती मोडीत. जव्हार १९४८ पर्यंत मुकण्यांचं संस्थान होतं. त्या काळच्या लेखणीने ओढलेली ती वळणं वाचणारा माणूस आधी शोधायचा, मग त्याच्याकडून लिप्यंतर करून घ्यायचं. फार्मसीला निघालेल्या मुलीचं भवितव्य अशा रीतीने एका मेलेल्या कारकुनाच्या हस्ताक्षरावर येऊन ठेपतं. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर त्यावर वैधता प्रमाणपत्र, म्हणजे दाखला खरा असल्याचा आणखी एक दाखला.

इतकी तपासणी हवीच कशाला, असं मात्र मी म्हणणार नाही. खोट्या दाखल्यांवर जागा लाटणाऱ्यांविरुद्ध ओरड आदिवासींनीच केली, आणि जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दाखल्यावर मिळवलेला प्रवेश किंवा नोकरी टिकणार नाही असं बजावलं, ते योग्यच झालं. माझा आक्षेप चाळणीच्या भोकांना आहे. बोगस माणसाचे कागद नेहमी चोख असतात. ते एका बैठकीत, एका शाईने, एकाच्याच देखरेखीखाली तयार झालेले असतात; त्याचा लक्ष्मण इथून तिथून लक्ष्मणच असतो. खऱ्या माणसाचे कागद तीन पिढ्यांत नाना कारकुनांनी लिहिलेले, म्हणून विस्कटलेले. तरी छाननीत ‘नावात तफावत’ हा शेरा बसतो तो खऱ्याच्याच अर्जावर. मार्च २०२३ मध्ये याच न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की चालीरीती नि दैवतं विचारून घेतलेली आप्तभाव चाचणी ही काही अखेरची कसोटी नव्हे. १९५० पूर्वीच्या कागदाला वजन अधिक. निकाल आदिवासींच्या हिताचाच. पण त्याचा घरगुती अर्थ असा, की आजी बोहाड्याच्या उत्सवातली सगळी सोंगं क्रमाने सांगू शकत असली तरी तिच्यापेक्षा ती टांगलेली पिशवी जास्त जाणकार.

उत्पन्नाच्या दाखल्याची तऱ्हा आणखी न्यारी. दिवाळी झाली की पुष्कळ घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आधी उचल घेतलेली, दर आठवड्याला खर्ची घेतलेली, हिशेब हजार विटांवर. शेवटी कधी हातात चार पैसे पडतात, तर कधी बाकी अंगावर निघते. उत्पन्नाच्या दाखल्यावर उणे आकडा लिहायची सोय नाही. शिवाय तो दाखला ३१ मार्चला मरतो, तेव्हा दाखल्याचा धनी भट्टीवर असतो. निकाल लागतो आवणीच्या तयारीत, ऑनलाइन अर्ज सुरू होतात भर पावसात, आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरावर. तो नंबर असतो चुलतभावाचा, कारण आधार काढलं तेव्हा घरात मोबाइल त्याच्याच एकट्याकडे होता. चुलतभाऊ आता शहरात बांधकामावर, स्लॅबचं घमेलं डोक्यावर घेऊन. सहा आकड्यांचं आयुष्य काही मिनिटांचं. घमेलं उतरवून तो फोन बघेपर्यंत सेवा केंद्रातल्या पडद्यावर ‘वेळ संपली’ आलेलं असतं.

यावर शहाणी माणसं म्हणतात, शिबिरं घ्या, पत्रकं वाटा, लोकांत जागृती नाही. जागृती भरपूर आहे. झोप कोणाला लागतेय? नुसत्या माहितीने काय होतं हे अमेरिकेत मोजून पाहिलंय. तिथेही कॉलेजच्या मदतीचा अर्ज घराच्या उत्पन्नावर चालतो, आणि तो शंभराहून अधिक प्रश्नांचा होता. २००८ मध्ये ओहायो नि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत काही संशोधकांनी एच अँड आर ब्लॉक या करविवरणं भरून देणाऱ्या कंपनीच्या कचेऱ्यांतून एक प्रयोग केला. कर भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या काही कुटुंबांचा अर्ज तिथल्या तिथे बसून भरून दिला, काहींना फक्त माहिती दिली. ज्यांचा अर्ज भरून दिला त्यांच्या बारावीतल्या मुलांत दोन वर्षं कॉलेज पुरं करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ वर गेलं. नुसती माहिती मिळालेल्यांत काहीच फरक पडला नाही. पत्रक छापणाऱ्या प्रत्येक कचेरीने हे वाक्य भिंतीवर लावावं. पत्रक करून वाटू नये.

दुसरा आक्षेप असा, की सेवा केंद्रवाला बसलाय की भरून द्यायला. बसलाय, आणि जव्हारच्या बाजारात तो नसता तर एकही अर्ज पुढे सरकला नसता. पण रांग दाराबाहेर गेलेली असताना त्याने लखमा आणि लक्ष्मण यांची गळाभेट घालून द्यावी ही अपेक्षा जास्तच झाली. तो समोर आलेलं भरतो. बँक खात्याचंच बघा. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन जे खातं गुपचूप उघडलं, शिष्यवृत्ती तिथे जाऊन बसते आणि घर पासबुकाची पानं उलटत राहतं. हे ज्याला विचारायचं सुचतं तो माणूस घरातला किंवा पाड्यावरचाच असावा लागतो: आधीच्या वर्षी कॉलेजात गेलेली एखादी पोर, किंवा आश्रमशाळेतले चिकट स्वभावाचे मास्तर. खडूस असला तर उत्तमच.

अशा माणसाने बारावीच्या मुलीपाशी बसावंच, पण तिचा धाकटा भाऊ चौथीत असेल तर आधी त्याच्या शाळेचं रजिस्टर उघडायला लावावं. मूल शाळेत आहे तोवर नावातली चूक दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर त्याच एका काना-मात्रेसाठी महाभारत घडतं. ते काम पावसाळ्यात करावं, तेव्हा बाप घरी असतो. आणि मुलीचे पैसे खात्यात आले म्हणून ती पिशवी पुन्हा वर टांगायची घाई करू नये. पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण आहे, आणि उत्पन्नाचा दाखला तोवर मेलेला असेल.