राँग साइडचा दांडगा अनुभव

"बाबा, इकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात हं," न्यू जर्सीहून मुलानं फोनवर बजावलं. मला हसू आलं. महाळुंग्याच्या माणसाला त्याचं काय कौतुक! सकाळी हिंजवडी गाठायच्या घाईत सर्व्हिस रोडवर समोरून येणारे सगळे त्याच बाजूचे. अमेरिकेला ज्यासाठी कायदा करावा लागला, ते आमच्याकडे हौसेनं चालतं.

तिथं गेल्यावर मान तेवढी ऐकेना. गाडी डावीकडून यायची, मान उजवीकडे. ही माझा दंड धरून मागे ओढायची आणि मी चर्चिलचा दाखला द्यायचो. 13 डिसेंबर 1931, न्यूयॉर्क. फिफ्थ अव्हेन्यूवर टॅक्सीतून उतरून साहेब रस्ता ओलांडत होते. विलायती सवयीनं भलतीकडे पाहिलं आणि मोटारीनं उडवलं. पण माणूस पक्का! चूक माझीच, असं पोलिसाला सांगून मोकळा झाला, अपघातावर वर्तमानपत्रात लेख लिहून पैसे कमावले आणि तिथं दारूबंदी असताना जेवणासोबत मद्य आवश्यक असल्याची डॉक्टरची चिठ्ठीही मिळवली.

"लेख तुम्हीही लिहाल," ही म्हणाली, "चिठ्ठी मात्र मिळायची नाही."

बाजूची सवय होईल हो. मला न सोसवणारी गोष्ट वेगळीच होती: गाड्या थांबायच्या. पांढऱ्या पट्ट्यांवर माणूस दिसला की थांबायचं, असा तिथला कायदाच आहे. काचेआडून कुणी बाई हसून 'या' म्हणून हात करायची. मी इतका ओशाळायचो, की वाकून नमस्कार करत पळतच पलीकडे जायचो. ही मात्र सावकाश चालायची, लग्नात मिरवल्यासारखी. तेव्हा लक्षात आलं, इकडे सोसायटीसमोर भाजीची पिशवी घेऊन ही रोज ताटकळते, पण तिच्यासाठी कुणी ब्रेक दाबलेला मी पाहिलेला नाही. 2021 मध्ये गाव पुणे शहरात आलं, टॉवर चढले, गाड्या वाढल्या. पायी माणूस कडेलाच राहिला. याचा खरंच राग येतो.

परतल्यावर सर्व्हिस रोडवर, गाडी जिकडून यायला हवी तिकडे बघून मी रुबाबात पाऊल टाकलं. उलट्या बाजूनं आलेल्या पार्सलवाल्या पोरानं करकचून ब्रेक मारला. "ओ काका, फॉरेनहून आलात का?"

हिच्याकडे बघत मी कॉलर सारखी केली.