बॉनेटखालचं बूच

"तुझा जवळा आवर आधी, कावळे आले बघ. मग सांगते."

जवळा सुपात लोटला आणि मी कुंपणाशी आले. "मावशी, काल तुमच्या दारात गाडी कुणाची होती?"

"दाखवायला आणलेली गो. पोराला जुनी डिझेल काढायचीय. दहा वर्षं खाडीचा वारा खाल्लाय तिने, दाराखालचा पत्रा पापड झालाय. आता विजेचीच हवी, आणि तीही भारीतली."

"म्हणजे कुठली?"

"एक टेस्लाची मॉडेल वाय, आली तेव्हा साठ लाखांना अकरा हजार कमी. बीकेसीत दुकान निघालं ना 2025च्या जुलैत, ती. दुसरी बीएमडब्ल्यूची आयएक्स1, आली तेव्हा 49 लाख. सून म्हणते, चाकणची विजेची महिंद्रा कितीतरी स्वस्त मिळते, तीच घ्या. पोराने नाक मुरडलं."

"चार्ज केल्यावर जाते किती?"

"टेस्ला म्हणते 500 किलोमीटर, बीएमडब्ल्यू 531. पण एकीचं माप युरोपचं, दुसरीचं इथलं. तुझं पापलेट तुझ्या तराजूत, माझं माझ्या. मग जड कुठलं ते कसं कळायचं?"

"आणि चार्जिंग घरीच?"

"साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर रात्रभर लावली तरी अर्धी भरत नाही. साडेसात किलोवॅटचा चार्जर बसवला तर बीएमडब्ल्यूला नऊ तास. पण विजेच्या गाडीला अटल सेतूचा टोल माफ हां! ऑगस्ट 2025 पासून. एका खेपेचे अडीचशे वाचतात."

"तो तर महिंद्रालाही माफ!"

"हळू बोल, सून ऐकेल."

मी आवाज उतरवला. "मग अडलंय कुठे?"

"टेस्लात स्टेपनीच नाही. लेक अलिबागला दिलीय. तिकडचं रेवस खाडीपलीकडे समोर दिसतं, पण लाँचमध्ये चारचाकी चढत नाही. पेण-वडखळचा वळसा घ्यायचा, आणि वाटेत पंक्चर झालं तर?"

"खाडीवर पूल होतोय ना?"

"अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतेय. झाला की पहिली मीच जाईन."

मग मावशी कुंपणावर वाकल्या. "खरी गंमत पुढेच. मी पोराला विचारलं, इंजिन कुठंय? त्याने टेस्लाचं बॉनेट उघडलं. आत नुसता खण! आणि तळाला बूच. म्हणाला, पाणी काढायला."

"मग?"

"मग काय! बर्फ घाल, वर पापलेट रच, पाणी आपोआप खाली. मी म्हटलं, डोळे मिटून हीच घे. पोराचं तोंड बघायला हवं होतंस."

"घेतोय मग टेस्ला?"

"कसली! सकाळीच बीएमडब्ल्यूवाल्याला फोन केला. तिच्या बॉनेटखाली मासळीला जागाच नाय."

"अरेरे."

मावशींनी पदर खोचला. "डिकी हाय की मागे."