येळ्ळूरचा तांडेल

येळ्ळूरला नदी नाही. वर राजहंसगड, खाली भाताचं शिवार, मधे गाव. समुद्राचा वारा हवा असेल तर चोर्ला घाट उतरून गोव्यात जावं लागतं. अशा गावात तांडेल असण्याचं काही कारण नाही, पण आहे. आणि एकच आहे असंही नाही. कुठल्याही गल्लीत विचारा. कुणाच्या तरी परड्यात ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं असतं आणि त्याच्या मालकाला सगळी गल्ली तांडेल म्हणत असते. खरं नाव रेशनकार्डावर. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी, भावाभावांत वाटून उरलेली थोडी जमीन, घरात आई, बायको, दोन पोरं आणि घराच्या कर्जाचा हप्ता, एवढी ओळख पुरे.

होडीचा हा आजार बहुधा मालवणात लागतो. सहलीला गेल्यावर सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी होडीत बसावं लागतं. बाकीचे लोक तटाकडे बघतात, १६६४ साली महाराजांनी पायाभरणी केली ते एकमेकांना सांगतात. आपला गडी डोकी मोजत असतो. माणशी किती, होडीत किती, दिवसाच्या फेऱ्या किती. किल्ल्याच्या दारात पोचेपर्यंत होडीवाल्याचं वर्षाचं उत्पन्न काढून झालेलं असतं, आणि परतीच्या वाटेवर निकाल लागतो: "दरवर्षी तिकिटं काढण्यापेक्षा आपलीच होडी करूया की!"

"आणि घालणार कुठं?" त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, विचारतात. हा प्रश्न त्यांनी पहिल्या दिवशी विचारला. उत्तर अजून आलेलं नाही.

तांडेलाच्या मते पाण्याची ही टंचाई निसर्गाची नाही, राज्य पुनर्रचनेची आहे. कट्ट्यावर तो सांगतो, "१ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला मुंबई राज्यातनं काढून म्हैसूरात घातलं. नाहीतर मालवण आपलंच होतं." दरवर्षी त्याच तारखेला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत तो कधी चुकत नाही, त्यामुळे या बोलण्याला वजन असतं. पण कट्ट्यावर एखादे निवृत्त गुरुजी असतातच. ते शांतपणे म्हणतात, "कारवारही त्याच दिवशी आपल्याबरोबरच म्हैसूरात आलं. तो समुद्र वापर की." तांडेल क्षणभर गप्प होतो. मग म्हणतो, "कारवारला डिझेल परवडत नाही."

परवडणं हा त्याचा खरा विषय. होडीच्या वहीत डाव्या पानावर जमा लिहिली आहे, म्हणजे काय काय घ्यावं लागलं नाही ते. पिंपं भंगारातली. दोरी म्हशीच्या दाव्याची. वल्हं म्हणजे फावड्याचा दांडा आणि त्याला ठोकलेलं प्लायवूड. गणित मात्र पक्कं. दोनशे लिटरचं बंद पिंप पुरतं बुडालं की दोनशे लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे स्वतःच्या वजनासकट दोनशे किलो पेलतं. चार पिंपांचे आठशे. त्यातलं निम्मंच धरायचं, कारण पिंपं बुडेपर्यंत वजन लादलं तर बसणाऱ्याचे पायही पाण्यात जातात. घरची सगळी माणसं आणि डबा मिळून तीनशेच्या आत. शंभर किलो शिल्लक!

हे शंभर किलो त्याने सांगाड्यात घालवले, वर आणखी दीडशे. उद्यमबागेत आयुष्य काढलेला माणूस लाकडाला हात लावत नाही. त्याने अँगल वापरला, कोपऱ्यांना प्लेटा मारल्या, वेल्डिंग असं केलं की वरून ट्रॅक्टर गेला तरी हलू नये. होडी उत्तम झाली. तिच्यात फक्त होडीच जाऊ शकत होती. पुढच्या खेपेला बांबू आले.

मग निघाला नावाचा प्रश्न. होडीला नाव हवंच. पण कोणत्या लिपीत? येळ्ळूरमध्ये फलकाचा विषय काढला की सगळ्यांना २०१४ चा जुलै आठवतो. गावच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवला, त्यानंतर ज्या पाठींवर पोलिसांच्या काठ्या बसल्या, त्या अजून गावात आहेत. शिवाय आता कर्नाटकात पाट्यांवर साठ टक्के कन्नड लागतं. पिंपावर साठ टक्के म्हणजे किती, हे कोण मोजणार? होडी बिननावाचीच राहिली.

पाण्याच्या शोधात त्याने नकाशा पालथा घातला. राकसकोप धरण जवळ, पण तिथलं पाणी बेळगाव पितं. "सगळं शहर पितंय त्यात तू भंगारातली पिंपं सोडणार?" हे त्याच्या आईने विचारलं, म्हणून तो विषय तिथेच मिटला. हिडकल मोठं, पण होडी न्यायला छोटा हत्ती लागतो, आणि जाऊन-येऊन भाडं ऐकल्यावर वहीचं उजवं पान त्याने रागाने मिटलं. होडीपेक्षा होडीचा प्रवास महाग, हे गणित मालवणच्या होडीत सुटलं नव्हतं.

शेवटी पाणीच घरी आलं. जुलैत बळ्ळारी नाला फुगला की येळ्ळूर, वडगाव, शहापूरचं शिवार पाण्याखाली जातं. धूळवाफेवर पेरलेलं बासमतीचं भात बोटभर शेंडे तेवढे वर काढून उभं असतं. लोक छत्र्या धरून बांधावर येतात, पाण्याकडे बघतात, काही न बोलता परत जातात. त्याच बांधावर एका रविवारी तांडेल बैलगाडीतून होडी घेऊन आला.

तरंगली. हे मान्य केलंच पाहिजे. आई मधे पाटावर बसली, पोरं दोन कडांना, वहिनी डबा मांडीवर घेऊन. तांडेलाने वल्हं मारलं, होडी दहा-बारा हात गेली आणि थांबली. खाली बांध. सगळे उतरले, गुडघाभर चिखलातून होडी बांधावरून ढकलली, परत बसले. आणखी दहा-बारा हात. पुन्हा बांध. वाटण्या होऊन होऊन शेताची पट्टी इतकी अरुंद झालेली की होडी आडवी केली तर दोन भावांच्या शिवारात. तिसऱ्या बांधावर चुलतभाऊ उभा होता. दहा वर्षं त्या बांधावरून बोलणं बंद. पण त्या दिवशी तो बोलला: "पीक कुजुलंय, आणि तुला होडी सुचूलीया?"

यावर तांडेलाकडे उत्तर नव्हतं, आणि त्याने दिलंही नाही, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. खाली उतरला, दुसऱ्या टोकाला जाऊन चुलतभावाबरोबर बांध फोडून पाणी काढायला लागला. संध्याकाळपर्यंत दोघे तिथेच होते. पाणी फार हललं नाही. नाला साफ झाल्याशिवाय ते हलत नाही, हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे.

खरी काटकसर वहिनींची. दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, "पणजीला जाऊया." पणजीहून बेतीला मांडवीवरून फेरीबोट जाते आणि चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. गोवेकर तिथे कामावर जायला चढतात, घड्याळ बघत उतरतात. तांडेलाचं कुटुंब चढलं, पलीकडे गेलं, उतरलं नाही, परत आलं. पोरं कठड्याला, आजी सावलीत, डबा उघडलेला, चपाती-भाजी. असं दुपारपर्यंत. नंतर दिवाडीची फेरी. खर्चाच्या पानावर फक्त एसटीचं भाडं आणि लिंबू-सोडा. तांडेल दिवसभर गप्प होता. इंजिनाचा आवाज ऐकत होता, असं म्हणाला.

एकाच बाबतीत या घरात घासाघीस नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले, ती बातमी वहिनींनी वाचली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या भिशीच्या पैशांतून पाच लाइफ जॅकेटं आणली. नवीन. पोरांची पोरांच्या वजनाची, कारण मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं की पाण्यात ते वर सरकतं आणि पोर खाली निसटतं. पायांतून घ्यायचा पट्टा आहे का, तोही त्यांनी दुकानात ओढून बघितला. घरी आल्यावर एकेकाला जॅकेट घालून विहिरीत उतरवलं. ज्या विहिरीत तांडेल पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकला, तिथेच तो नारिंगी जॅकेट घालून, हनुवटी वर करून तरंगत होता आणि वहिनी काठावरून ओरडत होत्या, "पट्टा आवळा अजून!"

होडी सध्या परड्यात आहे, कोंबड्या तिच्यावर बसतात. कुणाला हवी असल्यास चार पिंपं, बांबू आणि दोरीसकट विकायची आहे. किंमत बसून ठरवता येईल, नेण्याचं भाडं घेणाऱ्याकडे. जॅकेटं विकायची नाहीत, ती मागू नयेत.