एका आडनावाचे अनेक थोर : वर्गवारीची शास्त्रशुद्ध पद्धती

चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर उभे राहून ‘देवसाहेबांना भेटावयाचे आहे’ असे जो गृहस्थ निःशंकपणे सांगतो, त्यास पहारेकरी प्रथम ‘कोणते देव?’ असे विचारतो, मग वहीत नाव लिहावयास लावतो आणि अखेरीस बाकावर बसवून ठेवतो. ही तसदी ज्यांस चुकवावयाची असेल, आणि विशेषतः देव आडनावाच्या थोर पुरुषांची यादी सिद्ध करण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडले असेल, त्यांनी पुढील पद्धती चित्त एकाग्र करून अभ्यासावी.

प्रारंभ उगमापासून, म्हणजे चिंचवडास पवनेच्या काठी करावा. तेथे मोरया गोसावींची संजीवन समाधी आहे. परंतु दर्शन घेऊन बाहेर पडताच त्यांचे नाव यादीत अव्वल क्रमांकावर दाखल करणारा उमेदवार तेथेच नापास होतो, कारण मोरया हे गोसावी. देव हा किताब त्यांचे पुत्र चिंतामणी महाराज यांस देहूच्या तुकोबांनी बहाल केला, अशी परंपरा सांगते. म्हणजे येथे पुत्राचे आडनाव पित्याकडून आलेले नसून शेजारच्या गावच्या संताकडून आलेले आहे, आणि असला मजकूर नोंदविण्यास कोणत्याही छापील अर्जात रकाना नसतो. पुढील पिढ्यांत चिंतामणी आणि नारायण ही नावे पुनःपुन्हा येतात, सबब पहिले, दुसरे असे अनुक्रम लावणे भाग पडते. शिवकालापासूनच्या सनदा व इनामपत्रे यांनी या घराण्याचे दफ्तर समृद्ध आहे. 1800 साली एडवर्ड मूर हा कंपनी सरकारचा लष्करी अंमलदार येथे येऊन गेला व त्याने या वंशपरंपरागत देवत्वाचा वृत्तांत गंभीरपणे लिहून प्रसिद्ध केला. 1809 साली मारिया ग्रॅहॅम ही प्रवासिनीही येऊन गेली. या मंडळींस फाटकावर कोणी बाकावर बसविल्याचे ऐकिवात नाही.

या घराण्यास इतरांपासून निराळे ओळखण्यासाठी ‘चिंचवडकर देव’ म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तो सर्वथैव अनुकरणीय होय. स्पेनमध्ये गार्सिया या आडनावाने असाच उच्छाद मांडलेला आहे; तेथील लोक पित्याच्या आडनावापुढे मातेचेही जोडतात, त्यामुळे गार्सिया लोर्का या कवीस जग नुसते लोर्का म्हणून मोकळे होते. आपण आईऐवजी गावाला साक्षीस बोलावतो, एवढाच काय तो भेद.

तथापि गावाने भागत नाही असे प्रसंग येतात. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव आणि सासवडच्या आश्रमाचे शंकरराव देव हे एकाच काळात महाराष्ट्रात वावरले. अशा वेळी हातातील कागद पाहावा : समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचे जुने हस्तलिखित असेल तर धुळ्याचे; 1946 साली स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेचा ठराव असेल तर दुसरे, कारण ते तिचे अध्यक्ष होते. हात रिकामे असल्यास निर्णय तहकूब ठेवावा, घाईने कोणासही स्वातंत्र्यसैनिक करू नये.

आता खारीज करावयाची प्रकरणे. कपिल देव यांचे आडनाव निखंज, व देव आनंद यांचे आनंद. दोघांचेही अर्ज, चाहत्यांच्या भावनांची दखल घेऊन परंतु बिनदिक्कत, नामंजूर करावेत.

राहता राहिले रमेश देव व सीमा देव. यांचा हक्क निर्विवाद आहे. मात्र 1971 च्या ‘आनंद’ चित्रपटात हे दांपत्य डॉक्टर प्रकाश कुलकर्णी व सुमन कुलकर्णी या नावांनी पडद्यावर आल्यामुळे त्यांच्या पुराव्याच्या कागदांत विसंगती उत्पन्न होते. तरी त्यांस देवांतच ठेवावे, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘कुलकर्णी पाहा’ असे लिहिण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कुलकर्ण्यांची यादी एकदा हाती घेतली म्हणजे निवृत्तीपर्यंत दुसरे काम होणे नाही.